डॉक्टरीणबाईंची बाही

तीर्थस्वरूप दाजींना,

सप्तांग नमस्कार. आठवं अंग, म्हणजे माझा उजवा हात, अजून नमस्काराला येत नाही. त्याचीच हकीकत पुढे आहे. तुमची साखर, ताईचे गुडघे आणि (विचारायचं म्हणून विचारतो) तुमचा स्वभाव ठीक असेल अशी आशा करतो. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी नुसता हं हं करतो, म्हणून हे पत्र. मी सांगतोय, ही लिहितेय. (यापुढे कंसातलं सगळं माझं. यांचं सगळंच खरं धरू नका.)

तर अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर पाय सावरला, जीभ तर एक दिवसही अडली नाही (हे खरं आहे), पण उजव्या हाताची बोटं रुसली ती रुसलीच. शिंप्याला कात्री धरवेना म्हटल्यावर राहिलं काय? दुकानाचं शटर खाली आणि आपली गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीत, ज्याला काजंसुद्धा सरळ करता येत नाहीत त्याच्या दारात. हात परत यायचा तर पुनर्वसनाचा डॉक्टर गाठा, सरकारी विम्यात सगळं बसतं, फक्त डॉक्टर विम्याच्या यादीतला हवा, असं इस्पितळातून सांगितलं. त्या 'फक्त'ने माझा जीव घेतला, दाजी. विमा कचेरीतल्या बाईंनी पुनर्वसन म्हटल्याबरोबर विचारलं, घर रस्त्यात गेलं की धरणात? मी हात दाखवला, तर म्हणाल्या, तो विभाग वरच्या मजल्यावर. वर गेलो तर तिथला साहेब जेवायला खाली. यादीतला पहिला डॉक्टर निघाला दातांचा. (भला माणूस. यांचा एक दात काढायचाच म्हणत होता.) दुसऱ्याच्या दारावर विम्याची पाटी होती, पण आतला माणूस म्हणाला, विमा चालतो, डॉक्टर सोडून गेले. तिसरे विम्यावर फक्त मंगळवारी बघायचे, आणि मंगळवारी ते सुट्टीवर असायचे. मी तर म्हटलं, जाऊ दे, डाव्या हाताने शिकतो. (तसं म्हणाले नाहीत. कात्री ट्रंकेत टाकून कुलूप लावलं आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून निजले.)

शेवटी हिनेच एका जुन्या सरकारी दवाखान्याच्या मागच्या इमारतीत एक डॉक्टरीणबाई शोधून काढल्या. यादीत नाव होतं, कार्ड चाललं, आणि बाई चक्क खुर्चीत होत्या. त्यांनी माझ्या हातात रबरी चेंडू दिला. तो टेबलाखाली गेला. पुन्हा दिला, पुन्हा गेला. मी मान खाली घातली, आणि तेवढ्यात मला त्यांच्या अ‍ॅप्रनची बाही दिसली. काय सांगू दाजी! एक बाही चांगली बोटभर लांब, खालची दुमड उसवलेली, आणि धागा लोंबतोय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाई, ही बाही लावली कोणी, असं म्हणत मी ती चिमटीत धरून वर दुमडली. (मी गार पडले. म्हटलं, आता हाकलतात.)

बाई हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "काका, कुठल्या हाताने धरलीय बघा. सोडू नका."

उजव्या! ही तिथेच रडायला लागली. (सर्दी होती.) मीही रडलो, लपवत नाही. आता औषध असं की रोज घरी जुना कपडा उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. जन्मभर लोकांचं उसवलेलं शिवलं, म्हातारपणी स्वतःच उसवत बसलोय. असो. ताईला नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. मी शिवलेला तुमचा लग्नातला कोट पाठवून द्या. जाड कापडावर सराव करायला सांगितलंय. त्याचा डावा खांदा पडतो असं तुम्ही जन्मभर चारचौघांत सांगत आलात. तेही बघून टाकतो.

ता. क. दोन (हे लपून लिहितेय.) दाजी, कोट पाठवू नका, घेऊन या. आता आपल्याकडून कोणी काही शिवून घेणार नाही असं यांनी मनात घेतलंय. समोर उभं राहून माप द्या. आणि खांद्यावरून दोन शब्द बोलाच. चिडले की बोटं चांगली चालतात.

ता. क. तीन. वरचं वाचलं. ही ओळ माझ्या उजव्या हाताची आहे, अक्षराला हसा. कोट चोख आहे, खांदा तुमचा पडका. या.