साखरेची वाटी आणि पन्नास कोटी

सोमवार, ता. ६ ऑक्टोबर, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे. त्या वेळी मी बँकेच्या पॅन्ट्रीत साखरेचा डबा आतून पुसत होतो (रिकामा होता, म्हणूनच आतून पुसता आला), आणि सगळे तिथूनच सुरू झाले.

तीर्थरूप मामांना, डबा खाली ठेवून केलेला नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? शिवणयंत्र पायाने चालवणे बंद केलेत का? मामींचा खोकला? मी खुशाल आहे. आमची बँक माझ्याहून खुशाल आहे, तेव्हा लोक काय बोलतात तिकडे लक्ष देऊ नये.

बँकेलाच उसने कशाला लागतात, असे तुम्ही विचारले होते. अहो, रोज संध्याकाळी हिशेब मिटवताना एका बँकेकडे पैसे उरतात, दुसरीला कमी पडतात. मग आमचे साहेब शेजारच्या बँकेला फोन करून पन्नास कोटी मागतात, ते देतात, आणि सकाळी व्याजासकट परत. तारण नाही, चौकशी नाही. मी आणि तिथले चहावाले काका साखरेचेही असेच करत आलो: संध्याकाळी वाटी आणायची, सकाळी वाटी द्यायची, वर एक चमचा.

पण गेल्या आठवड्यात एक मोठी बँक बुडाली आणि कोणाच्या पोटात काय आहे हे कोणालाच कळेना. जो तो पैसे दाबून बसला. महिन्याच्या बोलीने देणारे एका रात्रीवर आले, तेही चौपट दराने. अशात मी वाटी घेऊन उभा. काका म्हणाले, "तारण काय ठेवतोस?"

"काका, पाव किलोला?"

"बाबा रे, दिवस वाईट आहेत. किटली ठेव."

ठेवली (पावती घेतली, सही तपासली). काकांनी आमच्या बँकेचे नाव कोरलेल्या त्याच किटलीतून आपल्या साहेबांना चहा दिला, आणि त्यांनी विचारल्यावर सांगितले, की बिचाऱ्यांची साखर संपली, किटली गहाण पडली. साडेचारला आमच्या साहेबांनी फोन लावला तर पलीकडून "आज जमणार नाही". पाचपर्यंत नऊ बँकांना जमेना. सहापर्यंत पैसे आले नाहीत तर उद्या दार उघडायचे नाही, असे साहेब भिंतीला सांगत होते. मी किटलीचे खरे सांगून टाकले. साहेबांनी पाकीट काढले, आत पाहिले, आणि विचारले, "तुझ्याकडे किती आहेत?"

मी दोन पोती साखर आणली, हातगाडीवरून शेजारच्या बँकेच्या पुढच्या दाराने आत नेली आणि मोठ्याने म्हणालो, "काका, एक पोते तुम्ही ठेवून घ्या, आमच्याकडे जागा नाही." पाच बावन्नला फोन वाजला. "पन्नास पुरतील ना? की शंभर पाठवू?"

तेव्हा बँक भक्कम आहे. काळजी नसावी.

तुमचा भाचा

ता.क. माझे बँकेतले अठरा हजार दोनशे आज काढले. सोबतच्या माणसाकडे दिले आहेत, मोजून घ्यावेत आणि कपाटात ठेवावेत. मामींना सांगू नये.

ता.क. दुसरे: तुमच्यावर विश्वास आहेच. तरी त्याच माणसाबरोबर तुमची मोठी कात्री पाठवावी, मी जपून ठेवीन.

खर्च: साखर ४,१००, हातगाडी ८०.
देणे: काकांना एक वाटी, एक चमचा.
येणे: साहेबांकडून ४,१८०. ते उद्या देतो म्हणतात. आज गुरुवार.