न झालेल्या प्रयोगावरची सही

प्रिय सर,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं. आज लिहायला बसले, कारण काल मी एक चूक सगळ्यांसमोर कबूल केली. खरं तर ती आधी तुम्हाला सांगायला हवी होती.

कराडच्या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजात तुमच्या जागी आता मी विभागप्रमुख आहे. हसला असता तुम्ही! मागच्या आठवड्यात कुपवाडहून तुमचे दोस्त आबा आले. आपली पोरं त्यांच्या वर्कशॉपमध्ये ट्रेनिंगला जातात. चहासुद्धा न घेता म्हणाले, "आवं म्याडम, पोरं हुशार हायती. पण सळई ताणायच्या मशीनला हातच लावला न्हाई म्हणत्यात. मग जर्नलात रीडिंग कुठनं आलं?"

कुठून येणार! मशीनची मोटर दिवाळीपासून जळालेली. पोरांनी सीनियरची जर्नलं उतरवली, नेहमीसारखी. आणि साठच्या साठ जर्नलांवर सही माझी, न बघता केलेली. लाज वाटली, सर.

तुमच्या हाताखाली शिकताना माझा आलेख वाकडा आला होता, आठवतं? मी तो गुपचूप सरळ केला आणि तुम्ही पान फाडलंत. "जे आलं तेच लिव. चुकलं तर परत कर, पण जुळवू नगंस." घरी जाऊन रडले होते मी.

पण एक तक्रार आहे. मशीन बिघडलं की तुम्ही बाह्या सरसावून स्वतःच खोलायचात. जर्नलं स्वतःच तपासायचात. आम्हाला कधी हाताशी घेतलंत का? तुम्ही गेलात आणि आम्ही नुसते सह्या करणारे उरलो. एवढं एकट्याने का ओढलंत?

काल स्टाफला बोलावून माझ्या सह्या दाखवल्या. जर्नलं रद्द, असं मी सांगितलं. मग एक जण म्हणाला, "मॅडम, तपासणीची कमिटी पंधरा दिवसांवर आलीय. आत्ताच कशाला?" संध्याकाळी प्राचार्यांनी बजावलं, फाइल अपुरी दिसली तर माझं विभागप्रमुखपद राहणार नाही. भीती वाटते, खोटं कशाला सांगू?

आज सकाळी मोटर उतरवली. तिघे लेक्चरर, लॅब असिस्टंट आणि मी, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे! ती कुपवाडला वाइंडिंगला, तारा नव्याने गुंडाळायला, गेलीय. वेळेत येईल याची खात्री नाही.

नाही आली, तर शब्द देते सर, कमिटीसमोर त्या प्रयोगाच्या पानावर एवढंच असेल : मशीन बंद, प्रयोग झाला नाही. आणि खाली माझी सही. या खेपेला वाचून केलेली.

तुमची विद्यार्थिनी,
शुभांगी