फुकटच्या घड्याळासाठी बुद्धिबळ

१२ जानेवारी २००४, देवास

इंदूरहून संपादक नारायणरावांचा फोन. सायबर कॅफेत बसून लोक फुकटचे खेळ खेळतात, त्यावर बक्षिसं मिळतात म्हणे — त्यात वेळ घालवावा का, स्वतः खेळून लिहा. वर, ‘तुम्हांला काय, वेळच वेळ!’ माणूस वाईट नाही. खरं बोलतो, इतकंच.

१३ जानेवारी

बसस्टँडजवळ पियूषचं कॅफे. प्लायवूडच्या खोपट्या, एकेकीत एक खुर्ची. साइटने नाव मागितलं. ‘चिंतामणी’ आधीच गेलेलं, मला ‘चिंतामणी ७७’ मिळालं. मनातली इच्छा पुरवणारं रत्न, आणि रांगेत सत्त्याहत्तरावं! बुद्धिबळ निवडलं. डाव जिंकला की तारे, भरपूर तारे जमले की मनगटी घड्याळ. पियूष म्हणाला, “काका, घड़ी आज तक किसी को नहीं आई. पण खेळा ना भिया, टाइमपास आहे.” काका आणि भिया, म्हणजे भाऊ, एकाच दमात. मी कुठलंही नातं घ्यायला तयार आहे.

१६ जानेवारी

संक्रांत होऊन गेली. तिळगूळ आणला होता. मीच मला दिला, गोड बोलायचंही मलाच सांगितलं.

१७ जानेवारी

आज समोर ‘विनोदिनी धार’. बाईंनी माझं सगळं सैन्य कापलं, एक प्यादं उरलं. ते त्यांच्या हत्तीच्या नाकासमोर, तरी मारेनात! उलट स्वतःचं एक प्यादं मुंगीच्या पावलांनी माझ्या राजाकडे आणू लागल्या. मी खोपटीत एकटाच हसलो. हे देशी बुद्धिबळ! समोरच्याचा राजा अगदी एकटा पडला की बुर्जी — जिंकता जिंकता डाव बरोबरीत, वर लाज. म्हणून शेवटचं प्यादं राखायचं, आणि मात द्यायची तीही प्याद्याने. मलाही हाच रोग आहे. साइटला यातलं काय कळणार? साइटने डावाला दिलेली वेळ संपली, डाव बरोबरीत, तारे कोणालाच नाहीत.

बाजूच्या चौकटीत रोमन अक्षरांत विचारलं, देशी शिकलात का? उत्तर आलं — वडिलांनी शिकवलं, शेवटचं प्यादं मारलं तर ताटावरून उठवायचे.

“मग घड्याळ विसरा, बाई.”

“तुम्हीसुद्धा.”

२१ जानेवारी

रोज पाच वाजता, ठरल्यासारखं. ठरवलं मात्र कोणीच नाही. त्या धारला मुलींच्या शाळेत शिकवतात. लग्न केलं नाही, भाऊ परदेशी. मराठी आता फक्त देवाशी बोलतात. तोही उत्तर हिंदीत देत असेल, म्हणाल्या. आमचा पेपर दुपारच्या बसने तिथे पोचतो, शाळा सुटेपर्यंत घडी मोडत नाहीत. त्यातला देवासचा वार्ताहर मीच, हे सांगितलं. बायको, लतिका, गेल्याला दोन वर्षं झाली, हेही सांगून टाकलं. इथे कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे लोकांना माहीत आहे, मी सांगितलेलं नाही.

जिंकलेले तारे — शून्य. त्यांना मी दिसत नाही, तरी आज दाढी करून गेलो.

२३ जानेवारी

नारायणरावांचा तगादा. लिहून टाकलं. खोटं काही लिहिलं नाही. ताऱ्यांचं घड्याळ होत नाही. ई-मेलचा पत्ता दिल्यापासून लॉटऱ्या आणि कर्जं यांचा पाऊस. तारे पुरे झालेच, तर घड्याळ पाठवायचा खर्च तुमच्याकडूनच मागतात. वेळ घालवू नये, हा निकाल. शेवटाला काहीतरी चटकदार हवं होतं. लिहिलं — ‘असले खेळ तोच खेळतो, ज्याला घरी बोलायला कोणी नाही.’ फोनवर वाचून दाखवलं. नारायणराव खो खो हसले. मीही.

२५ जानेवारी, रविवार

छापून आलं, नावासकट. पाचला गेलो. बाई नाहीत.

२७ जानेवारी

नाहीत. रविवारी शाळा नाही, पेपर येताच घडी मोडली असणार! हे लिहिताना आठवलं नाही, छापल्यावर आठवलं. पियूषने विचारलं, “काका, मशीन स्लो चल रही है क्या?” म्हटलं, मशीन ठीक आहे.

२९ जानेवारी

कोण्या ‘टायगर’शी खेळलो. त्याने सगळं खाल्लं, शेवटचं प्यादंही. त्याला तारे मिळाले, अभिनंदनाचं गाणं वाजलं. बाईंसाठी ‘क्षमस्व’ टाइप केलं. रोमनमध्ये ते एखाद्या औषधाच्या नावासारखं दिसतं. पुसलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. माझा टोमणा माझ्यावरच होता, हे त्यांना कसं कळावं? मी तसं लिहिलं कुठे!

३१ जानेवारी

गेलो. बसलो. आलो.

१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दार वाजलं. पन्नाशीच्या बाई, खांद्याला पिशवी, इंदूरला बस बदलून आलेल्या. पत्ता पेपरच्या एजंटाने दिला म्हणे.

“मी विनोदिनी. खेळणाऱ्याला घरी कोणी नाही, हे बरोबर लिहिलंत. लिहिणाऱ्याला कोण आहे, तेवढं राहिलं. ते विचारायला आले.”

म्हटलं, आत या.