माझा मास्टर पाना

सोमवार, ४
टूलरूमचा इन्चार्ज महिनाअखेर रिटायर होतोय. त्या खुर्चीच्या लायकीचं आमच्या बस-वर्कशॉपमध्ये माझ्याशिवाय आहे कोण? सगळे नुसते हातोडे. बायकोला सांगून टाकलं, जागा माझीच समज.

बुधवार, ६
साहेबांचं नवं खूळ. पुढच्या शुक्रवारी तपासनीस येणार, त्याआधी चाळीसही टॉर्क रेंच, चाकांचे नट ठरावीक जोरानेच आवळायचे पाने, कॅलिब्रेट करा. म्हणजे दोनशेवर लावलेला पाना दोनशेलाच 'टक्' करतो का, ते बघा. ज्याचं काम चोख, तो इन्चार्ज. वीस मला, वीस इन्स्पेक्शनच्या चष्मेवालीला. येऊन सहा महिने नाहीत झाले आणि म्हणे इन्चार्ज!

गुरुवार, ७
चष्मेवाली एकेक पाना जोर मोजायच्या मशीनवर चढवते, आधी पाच वेळा उगाच ओढते, मग सावकाश ओढून आकडा लिहिते. तोही तीनदा. दिवसात चार पाने. गोगलगाय परवडली.
मशीन नवशिक्यांना. माझ्या कपाटात माझा मास्टर पाना आहे. अकरा वर्षं दोनशेवर लावून ठेवलाय, कोणाला शिवू दिलेला नाही. दोन पान्यांची डोकी एकमेकांत अडकवायची, दोन्ही एकदम टक् झाले पाहिजेत. नाही झाले तर दुसऱ्याचा स्क्रू पिळायचा. संपलं.

शुक्रवार, ८. दुपारी ३
वीसही तयार. वीसच्या वीस चुकीचे निघाले! आधीच्यांनी काय दिवे लावले होते ते दिसलंच. चष्मेवालीने विचारलं, सगळे एकाच बाजूला कसे चुकले? म्हटलं, मॅडम, अनुभव आला की असले प्रश्न पडत नाहीत.
पाने लगेच कामाला लावले.

मंगळवार, १२
इन्चार्जच्या टेबलाचं माप घेतलं. खिडकीपाशी बसेल. चष्मेवालीला मशीन पुसायला ठेवीन. मन मोठं आहे माझं.

शुक्रवार, १५
तिचे वीस पास. माझा पहिला दोनशेऐवजी एकशे पासष्टला टक्. दुसराही. वीसही. म्हटलं, मशीन बिघडलंय. तपासनीसाने मास्टर मागितला. एकशे पासष्ट. म्हणाला, अकरा वर्षं ताणून ठेवलात, स्प्रिंग मेली की हो! काम झालं की पाना खालच्या आकड्यावर उतरवून ठेवतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चष्मेवालीने सांगितलं होतं, पण तिचं कोण ऐकतं?
साहेबांनी विचारलं, या पान्यांनी चाकं ढिली आवळलेल्या गाड्या कुठे आहेत? म्हटलं, रस्त्यावर.

शनिवार, १६
काल लगेच नऊ गाड्या वाटेतच थांबवल्या. प्रवासी उतरवले. एकीत बायको होती. कंडक्टरने का उतरवलं ते नीट समजावून सांगितलं म्हणे, माझ्या नावासकट. चार मैल चालत आली. जेवायला वाढलं आणि पाय शेकत बसली.
इन्चार्ज चष्मेवाली. दिवसभर मी तिच्या पान्याने नट आवळले, ती शेजारी उभी राहून मोजत होती.
एक गोष्ट मात्र कोणीच लक्षात घेत नाही. चाक एकाही गाडीचं निघालं नाही.