हो, ढगच आहेत

२२ जानेवारी १९९१, मंगळवार, ईलिंग (लंडन)

आईने विचारलं, "मोतीबिंदू ना?" आणि मी "हो" म्हटलं. का म्हटलं? बसमध्ये विचार केला, भाजी चिरताना केला.

हॉस्पिटलात डॉक्टर नेहमीप्रमाणे माझ्याकडे बघून इंग्रजीत बोलत होते. ग्लॉकोमा. दोन्ही डोळ्यांच्या नसा बऱ्याच सुकल्यात. गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशनचा आता उपयोग नाही. ड्रॉप्सनी थोडं लांबेल. किती? वर्ष, कदाचित कमी. मग पेन खाली ठेवून म्हणाले, मम्‌ना समजावून सांगाल ना? मला ग्लॉकोमाला मराठी शब्दच माहीत नव्हता. मी शोधत होते, तेवढ्यात आईनेच शब्द पुढे केला. सुमनमावशीचा शब्द. मावशीचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी कराडला काढला, आता ती चष्म्याशिवाय तांदूळ निवडते.

"हो" म्हटल्यावर आईचा चेहरा इतका मोकळा झाला की

२४ जाने., गुरुवार

बाबांनी मी शाळेत जायला लागल्यावर घेतलेला इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला. काचबिंदू. बिंदू तोच. मोती नाही, काच.

बाबा बेकरीतल्या रात्रपाळीवरून आले तेव्हा आई आंघोळीला गेली होती. त्यांना सगळं खरं सांगितलं. ते बूट काढत होते, एक काढला आणि दुसरा तसाच ठेवून बसले. म्हणाले, "कशाला सांगायचं आत्तापासून? कळेलच की तिला." मग "तू म्हणशील तसं. तुला जास्त कळतं." डिग्री मिळाल्यापासून सगळ्यालाच हे. कौन्सिलचं पत्र, गॅसवाला, आता हे.

ड्रॉप्स दिवसातून चार वेळा. सकाळी आणि रात्री मी घालते. दुपारचे बाबा. चहाच्या वेळचे शाळेतून आल्यावर मी.

३० जाने., बुधवार

आज परत विचारलं, "ऑपरेशनचं पत्र आलं का?" नाही म्हटलं. "इथे रांग मोठी असते बाई," स्वतःच म्हणाली. रोज टपाल पडलं की ती दाराशी जाते, पाकिटं गोळा करून माझ्या उशीवर ठेवते. मी आल्यावर वाचावीत म्हणून.

वर्गात शिकवते, जे दिसलं तेच लिहा, दिसायला हवं होतं ते लिहू नका. पहिलंच वर्ष आहे, मुलं ऐकतात अजून.

३ फेब्रु., रविवार

ठरवलं. शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत आईला स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला न्यायचं, थर्सोला. नॉर्दर्न लाइट्स दाखवायचे, म्हणजे अरोरा, रात्रीच्या आकाशातला तो रंगीत उजेड. कॉलेजात माझ्या खोलीत भिंतीवर फोटो होता. आई डबा घेऊन आली होती तेव्हा त्यापुढे बराच वेळ उभी राहिली. "हे असं खरंच असतं? की रंगवलंय?" खरंच असतं म्हटलं. "एकदा बघायला पाहिजे."

एकदाच म्हणाली होती. पण म्हणाली होती. सूर्य सध्या जोरात आहे, अशा वर्षी लाइट्स जास्त दिसतात. अमावास्या चौदाला, म्हणजे त्या आठवड्यात चंद्र लहान. जगातलं इतकं काही बघायचं राहिलंय तिचं. निदान एक गोष्ट अशी की जी आमच्या घरात कोणीच, कधीच

बाबांना सांगितलं. "जा," म्हणाले.

१० फेब्रु., रविवार

कराडला फोन. आई ओरडून बोलते, मावशीही ओरडतच असणार. आई म्हणाली, "अगं शोभा नि मी अरोरा बघायला चाललोय." मग मावशीचा आवाज मलाही ऐकू आला: "पंजाबी? आणि तुम्ही जायचं बघायला? मुलाकडचे नाही यायचे?" आई हसून हसून खाली बसली. बाबा झोपेतून उठून आले. त्यांनाही सांगावं लागलं. खूप दिवसांनी तिघं हसलो.

त्याच फोनवर. मावशीच्या लेकीचं लग्न मेमध्ये. आई म्हणाली, "मी नाही गं येत आता. मला सगळं धुक्यातून दिसतंय. ऑपरेशन होऊ दे, मग दिवाळीला निवांत येते. तेव्हा बघते तुम्हाला सगळ्यांना डोळे भरून."

मी हातातले मोजे तसेच धरून उभी. तेव्हाच बोलायला हवं होतं. फोन चालू होता.

१६ फेब्रु., शनिवार

इन्व्हर्नेसपर्यंत नीट आलो. पुढे बर्फ. हेल्म्सडेलला गाडी थांबवली, पुढचा मार्ग बंद, बसने नेणार. दोन तास स्टेशनवर. आईने बाबांचा टोपीवाला जाड अनोरॅक साडीवर घातलाय, डोक्याला मफलर. दशम्या काढल्या आणि बसलेल्या सगळ्यांना विचारलं, "यू ईट?" एका म्हाताऱ्याने घेतली, लोणच्यासकट. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तरी "व्हेरी नाइस" म्हणाला.

बसमध्ये आई म्हणाली, "एवढी सुट्टी होती तर सुमीकडेच जाऊन आले असते." मग लगेच, "नाही, दिवाळीच बरी. तेव्हा दिसेल तरी नीट."

मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर काही दिसत नव्हतं.

१७ फेब्रु., रविवार

वारा. पाऊस आडवा. थर्सोत उतरलोय त्या घराच्या मालकीण मिसेस एम. म्हणतात, हे काहीच नाही. सकाळी पॉरिज आलं. आईने चव घेतली. "पेज आहे. मीठ बरं आहे." पर्समधून मेतकूट काढून वर घातलं. मिसेस एम. नी बोट लावून चाखलं आणि कागदावर नाव लिहून घेतलं. भलतंच लिहिलं, पण लिहिलं.

संध्याकाळी काहीच नाही. ढग.

१८ फेब्रु., सोमवार

ढग. गारा.

आई दिवसभर खोलीत. विणकाम घेतलं, टाके सुटले, ठेवून दिलं. "ऑपरेशन झालं की पहिलं हे पुरं करते."

मी तिला आता सांगावं असं तीनदा वाटलं. एकदा ती झोपली होती. एकदा मिसेस एम. चहा घेऊन आल्या. तिसऱ्या वेळी कारण नव्हतं.

आधी लाइट्स दिसू देत, मग सांगेन. ते मिळालं असेल तर हे झेपेल तिला. असं मी स्वतःशी ठरवलंय. म्हणजे सगळं आता ढगांवर.

१९ फेब्रु., मंगळवार

लिहायला हात होत नाही.

दुपारी वारा पडला. सहाचे ड्रॉप्स घातले. सातला मिसेस एम. नी खालून हाक मारली, उत्तरेकडे उघडलंय, पटकन जा. आईला अनोरॅक घातला, हाताला धरून समुद्राकडच्या भिंतीपर्यंत नेलं. ती पावलं चाचपत टाकत होती. बर्फ आहे म्हणून, असं मला वाटलं.

आणि होतं. फोटोसारखं नाही. समुद्रावर खालच्या बाजूला फिक्या हिरव्या उजेडाची कमान, आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधेच एका जागी वर उसळायची आणि विरायची. वर चांदण्या. ढग नव्हता. एकही नाही. मी आईचा हात दाबला. तिने बोलावं म्हणून थांबले.

ती मान वर करून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "ढगच आहेत ना गं अजून?"

मी म्हटलं, "हो, ढगच आहेत."

"जाऊ दे. तुझे पाय गारठले असतील. चल."

तिचा हात धरून परत आले. परत येताना मी मागे वळून बघितलं नाही. एवढं तरी.

२० फेब्रु., बुधवार

उशिरा उजाडतं इथे. दिवा न लावता खोलीत आईच्या समोर बसले, तोंडाजवळ तोंड नेलं. "काय बघतेस?" डोळ्यांत कचरा आहे का बघते, म्हटलं. त्या अंधाऱ्या खोलीत तिच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. माझ्या आरशात बघितल्या, मोठ्या काळ्या.

ड्रॉप्सच्या डब्यातला कागद काढला. बाहुली लहान होते, अंधुक उजेडात कमी दिसेल, रात्री काळजी घ्या. स्वच्छ लिहिलंय. जानेवारीत हाच कागद मी आईला मराठीत वाचून दाखवला होता. फक्त किती थेंब आणि किती वेळा, एवढंच. उरलेलं मला महत्त्वाचं वाटलं नाही.

चंद्र बघितला, सूर्य बघितला, गाड्यांची वेळापत्रकं. तिचा डोळा तेवढा बघितला नाही. आणि जायच्या तासभर आधी मीच माझ्या हाताने

नाश्त्याला मिसेस एम. आनंदात. काल काय सुंदर होतं, सगळी गल्ली बाहेर होती, तुमच्या आईला आवडलं ना? आई माझ्याकडे वळली. "काय म्हणते?" मी म्हटलं, हवा सुधारतेय म्हणते. "लव्हली म्हणाली ना पण?" "लव्हली डे म्हणाली." आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, "यस, लव्हली." मिसेस एम. नी तिचा हात हातात घेतला.

बशी धुवायला म्हणून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

२१ फेब्रु., गुरुवार

परतीची गाडी. पाऊस. आई मला समजावते आहे. वाईट वाटून घेऊ नकोस, हवेपुढे कोणाचं चालतं. "ऑपरेशन झालं की परत येऊ. तू तारखा काढ."

२४ फेब्रु., रविवार

ईलिंग. कपडे धुतले. उद्यापासून शाळा. आई फोनवर मावशीला सांगत होती, "नाही गं दिसला तुझा पंजाबी. ढगच होते. शोभाचा जीव एवढासा झाला." मला ऐकवत नव्हतं म्हणून वर आले. जिन्यातही ऐकू येतं.

बाबा म्हणाले, "आता तरी राहू दे. इतके दिवस गेले तसे." मी म्हटलं, बाबा, ती लग्नाला नाही म्हणालीय. ते बेकरीचा डबा उचलून गेले.

२६ फेब्रु., मंगळवार

आज सांगितलं. शाळेतून आल्यावर, चहाच्या आधी, दिवा लावून.

आधी थर्सोचं सांगितलं. ढग नव्हते आई. होता तो उजेड. तुला दिसला नाही. तिला आधी कळलंच नाही. "मग तू ढग का म्हणालीस?" मग पुढचं. मोतीबिंदू नाही. काचबिंदू. तो शब्द तिला माहीत होता. त्यांच्या गल्लीत एक मास्तर होते, त्यांचा होता. मला समजावावं लागलं नाही.

"म्हणजे ऑपरेशन?"

"नाही."

"पत्र यायचंच नव्हतं."

"नाही."

"किती दिवस?"

वर्ष म्हटलं. कमी पण असेल. डॉक्टर म्हणाले तसंच, तेच शब्द.

रडली नाही. गॅस बारीक केला. तिला आणखी काय म्हणायचं असेल म्हणून मी बसून राहिले. मग म्हणाली, "मी सुमीला थांब म्हटलं." नंतर परत, "पाच आठवडे मी सगळ्यांना थांब म्हणत होते."

मी माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "तू वाईट नाही केलंस. पण पुढच्या वेळी डॉक्टरांकडे तू बोलू नकोस. दुसरं कोणीतरी सांगू दे मला."

शिव्या दिल्या असत्या तर

२७ फेब्रु., बुधवार

आईने सकाळी स्वतः ड्रॉप्स घातले. अर्धे गालावर. मी पुढे झाले तर हात आडवा केला, हळूच.

बाबांशी ती नेहमीसारखी बोलते. माझ्याशीही बोलते. जेवलीस का, मफलर घे. एवढंच.

फोन केलेला नाही कराडला. मी विचारलं नाही.

२८ फेब्रु., गुरुवार

शाळेच्या ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलला फोन केला. आईची पुढची तारीख, आणि त्या दिवशी इंटरप्रिटर हवा, दुभाषी. फोनवरच्या बाई म्हणाल्या, पण तुमच्या फाइलवर लिहिलंय मुलगी ग्रॅज्युएट आहे, तीच सांगते. म्हटलं, ते खोडा. कोणती भाषा? मराठी. गुजराती चालेल का, हिंदी चालेल? नाही, मराठीच. बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज. एक बाई आहेत, लांबून येतात, आधी सांगावं लागतं. सांगा म्हटलं. म्हणाल्या, म्हणजे तुम्ही येणार नाही का? येईन की, म्हटलं, पण बाहेर बसेन.

लिहून घेतलं त्यांनी. आठ एप्रिल, सकाळी दहा.