दिवस मावळायच्या आत एकवीस

शाहूपुरी, कोल्हापूर
मंगळवार

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे चंदनाचा, साष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र.

इकडे आम्ही खुशाल आहोत. तुम्ही रागात आहात हे ठाऊक असूनही तुमची खुशाली विचारते, कारण आईनं तसं वळण लावलंय. गुडघा कसा आहे? शनिवारी तुम्ही कुणाची तरी सोयरीक जुळवायला गगनबावड्याला गेला होतात, असं वहिनी म्हणाल्या. तिथली दमट हवा तुमच्या गुडघ्याला सोसत नाही. (आपलं गगनबावड्यात कोण आहे, हे मला अजून आठवलेलं नाही. पण असेल कुणीतरी, तुमचा गोतावळा मोठा.) शनिवारी दुपारपासून पार दुसऱ्या दिवसापर्यंत गावात लाईट नव्हती आणि गिरणी बंद म्हणून वहिनींनी नुसत्या भातावर भागवलं, हेही कळलं. आता आली का लाईट? म्हैस व्याली का?

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्याच्या हाती पाठवतेय. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडाल फार तर. पण फाडण्याआधी वाचाल, हे मला पक्कं माहीत आहे, कारण लहानपणी माझ्या मैत्रिणींची पत्रंसुद्धा तुम्हीच आधी वाचायचात.

तर शनिवारी रात्री तुमचा फोन आला. "चंदना, मी टीव्हीवर डोळ्यांनी बघितलंय. लाईटाच्या उजेडात पोरगी तोंडात कायतरी चघळत हुती. नियम मोडला. खेळ बंद. पुढल्या रविवारी निपाणीचं पावणं तिला बघायला येणार हाईत, तिला घिऊन ये." आणि फोन ठप्प! मला 'हं' म्हणायलासुद्धा वाव ठेवला नाहीत. दोन वर्षांपूर्वी तुमची आदिती शिकायला माझ्याकडे आली, तेव्हा तुम्ही घातलेली अट मला पाठ आहे: खेळायचं तर खेळ, पण दिवस मावळल्यावर अन्नाचा कण तोंडात गेला, तर त्या दिवसापासून खेळ बंद. अट तुमची, पण ती पाळली पोरीनं आणि डबे भरले मी. म्हणून काय घडलं ते मी सांगणार आणि तुम्ही ऐकणार.

आधी तुमचा जुना टोमणा निकालात काढते. "पाचजणींत जागा मिळाली नसंल, म्हणून तिघींचं बास्केटबॉल खेळतीया," असं तुम्ही चारचौघांत म्हणता. अण्णा, हा खेळच वेगळा आहे. अर्धं मैदान, एकच बास्केट, तिघी आत, एक बदली बाहेर. जवळून टाकला तर एक गुण, रेषेबाहेरून टाकला तर दोन. दहा मिनिटं खेळायचं, पण त्याआधी कुणाचे एकवीस झाले तर सामना तिथंच खलास. (आमचा सम्मेद कागलच्या एमआयडीसीतनं पाळी संपवून येतो आणि जेवताना मला हेच शिकवतो. जन्म दिला मी, शाळा घेतोय तो.) आणि सगळ्यात अजब म्हणजे मास्तरांनी खेळाडूंजवळ बसायचंच नाही. त्यांनी गप तोंड धरून प्रेक्षकांत बसायचं. बाहेरून कुणी काही सुचवलं, तर तो नियमभंग. असला खेळ कोल्हापुरात ठेवणाऱ्याच्या धाडसाला माझा नमस्कार! इथं कुस्ती बघणारा प्रत्येक माणूस पैलवानाला डाव सांगतो, आणि पैलवान हरला की 'मी सांगत हुतो की' म्हणतो.

आता ही स्पर्धा साधीसुधी नव्हती. देशोदेशीच्या पोरी आल्या होत्या. जिंकेल तो संघ परदेशात मोठ्या स्पर्धेला जाणार, बाकीच्यांना नारळ. आपली आदिती भारताच्या चौघींतली. शनिवारी उपांत्य सामना दुपारी होता आणि अंतिम सामना रात्री, लाईट लावून. हिशेब सोपा होता: दुपारचा सामना खेळायचा, दिवस असताना जेवायचं, रात्री पोटभर ताकदीनं खेळायचं. मी धपाटे, शेंगांची चटणी आणि दही असा डबा घेऊन बास्केटच्या मागेच जागा धरली होती.

पण सत्कार! अण्णा, आपल्याकडे पाहुणा आला की त्याला फेटा बांधल्याशिवाय आपल्याला घास गिळत नाही. प्रत्येक परदेशी पोरीला फेटा, शाल, श्रीफळ आणि गुळाची ढेप. एका उंच पोरीला फेटा बांधायला बांधणारा खुर्चीवर चढला. मग भाषणं. एका पुढाऱ्यानं तर 'आमच्या मातीतला हा रांगडा खेळ' अशी सुरुवात केली आणि त्याला शेवट सापडेना. दुपारचा सामना सुरू झाला तेव्हा सावल्या मैदानाच्या पार पलीकडे गेल्या होत्या, आणि पोरीच्या पोटात सकाळच्या दोन केळ्यांशिवाय काही नव्हतं.

समोर निळ्या जर्सीवाल्या. (देशाचं नाव मला म्हणता येत नाही, उगाच अपमान नको.) आपल्या पोरी थोड्या पुढे होत्या, म्हणून जपून खेळत होत्या. चेंडू इकडे दे, तिकडे दे, वेळ काढ. मी एकदा त्यांच्याकडे बघतेय, एकदा पत्र्याच्या शेडवर टेकलेल्या सूर्याकडे. हा सामना असाच रेंगाळला, तर पोरगी रात्री उपाशीपोटी खेळणार किंवा तुमचा नियम मोडणार. माझ्या जिवाची नुसती तगमग झाली. मी डबा घेऊन उभी राहिले आणि दुकानात हमालांना हाक मारते त्या आवाजात ओरडले, "आदिती! दिवस मावळाय लागलाय! आटीप की लवकर! जेवायचं हाय!"

पोरीनं माझ्याकडे बघितलंच नाही, सूर्याकडे बघितलं. आणि मग रेषेबाहेरून टाकला, दोन. पुन्हा टाकला, दोन. निळ्या तिच्या अंगावर धावल्या, तर तिनं मागे सरकून आणखी एक टाकला. एकवीस! सामना खलास, घड्याळात वेळ शिल्लक. लोकांनी टोप्या उडवल्या.

तेवढ्यात गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला एक माणूस माझ्याकडे आला. म्हणे, बाई, तुम्ही प्रेक्षकांतून कोचिंग केलंत, तुम्ही सांगितल्याबरोबर खेळाडूनं डाव बदलला, बाहेर चला. मी म्हटलं, "ओ पावणं, मी पाईप आणि नळ विकते. पोरीला जेवायला बोलावणं हे कोचिंग असंल, तर कोल्हापुरातल्या समद्या आया कोच हाईत!" त्यानं ते परदेशी पंचांना इंग्रजीत सांगितलं. पंचांनी डब्याकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि मला बाहेर काढलं. बाहेर काढलं तर काढलं! मी मान खाली घातली नाही. जाता जाता जाळीवरून डबा आत दिला. पाण्याच्या टाकीजवळ उकिडवी बसून आदितीनं सगळे धपाटे संपवले, दही चाटून डबा उलटा करून दाखवला, आणि त्यानंतर सूर्य गेला. हे मी जाळीला नाक लावून बघितलंय. कुठल्याही मंदिरात शपथ घ्यायला तयार आहे.

मग रात्री तिच्या तोंडात काय होतं? अण्णा, ते दातांवर बसवायचं रबर! गेल्या वर्षी कोपर लागून तिच्या दाताचा टवका उडाला, तेव्हापासून सामन्यात घालते. तुम्ही रबराला अन्न समजलात आणि पोरीचा खेळ बंद करायला निघालात.

अंतिम सामना मी फाटकाबाहेर उभी राहून कानांनी बघितला. वीस-वीस झाले आणि सगळं मैदान चिडीचूप झालं. तेवढ्यात गर्दीतनं कुणीतरी बाप्या गळा फाटेस्तोवर ओरडला, "टाक गं माझे बाय! भिऊ नगंस!" आणि पुढच्या क्षणी असा काही गलका झाला, की मी फाटकावरच्या पोलिसाला मिठी मारली. आपल्या पोरी जिंकल्या. (त्या ओरडणाऱ्याला कुणी बाहेर काढलं नाही, हे मी लक्षात ठेवलंय.)

तर आता माझा निकाल ऐका. पोरगी रविवारी येणार नाही. निपाणीच्या पाहुण्यांना पोहे खाऊ घाला, मुलाला आशीर्वाद द्या आणि वाटेला लावा. आदितीचं शिबिर सोमवारी सुरू होतंय. वडीलधाऱ्यांपुढे बोलू नये हे मला कळतं, म्हणून लिहितेय. वहिनींना नमस्कार, म्हशीवर माया.

तुमची उद्धट बहीण,
चंदना

ता. क. : मोठी स्पर्धा जिथं आहे, तिथं उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही, असं सम्मेद सांगतो. पोरगी दिवसातनं चारदा जेवली, तरी तुमचा नियम शाबूत.

ता. क. २ : परवाच्या पेपरात अंतिम सामन्याचा फोटो आलाय, कात्रण सोबत जोडलंय. आदिती हवेत आहे, मागे लाईटाचा झगझगाट आहे, आणि तिच्या उजव्या खांद्यावरून तिसऱ्या रांगेत खुर्चीवर चढून, टोपी काखेत मारून, तोंड फाडून ओरडणारा म्हातारा आहे. त्याचा गुडघा अगदी ठणठणीत दिसतोय. वहिनींना गगनबावडा सांगितलात, मला टीव्ही सांगितलात, आणि गावात तर लाईटच नव्हती. आदितीला फोटो दाखवला, तर म्हणते, "आत्या, मला ठाऊक हाय. आवाज आला, म्हणून तर बिनधास्त टाकला."

ता. क. ३ : भिंग लावून बघा. म्हाताऱ्याच्या डाव्या हातात भडंगाची पुडी आहे, फुटलेली, आणि मिशीला दोन चिरमुरे चिकटलेत. दिवस कधीचा मावळला होता, अण्णा. प्रायश्चित्ताचं तुमचं तुम्ही बघा. पण परदेशात पोरीजवळ घरचं एक माणूस लागणार आहे, आणि मला तर हे लोक फाटकाच्या आत घेणार नाहीत. तेव्हा तुम्हीच जायचं. आज संध्याकाळपर्यंत फोन उचला. नाहीतर दुसरं कात्रण वहिनींच्या नावानं तयार आहे, आणि टेम्पो उद्याही येतो.