पंचविसावी गाळणी

बसवनगुडी, बेंगळूर
२७ डिसेंबर

प्रिय अहल्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र न वाचताच फाडलं नसशील, तर आता शेवटपर्यंत वाच. तीन वर्षं झाली, तू माझा फोन घेत नाहीस. मेसेज पाठवला की निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतेस, पण उत्तर नाही. मागच्या मे महिन्यात मी निपाणीला आले, तर तू शिवणाचा क्लास बंद ठेवून दोन दिवस मुलीकडे संकेश्वरला जाऊन बसलीस. रागवायचा तुला पुरता हक्क आहे. पण मीही त्याच शाळेत तुझ्याच बाकावर बसून वाढलेली आहे, इतक्या सहज पिच्छा सोडणार नाही. पत्राला निळ्या खुणा नसतात. तू हे वाचलंस की नाही ते मला एकाच गोष्टीवरून कळेल, आणि ती शेवटी सांगते.

आधी ऑफिसची गंमत ऐक. आमच्या कोरमंगलाच्या ऑफिसात दर डिसेंबरला एक खेळ असतो. सगळ्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकायची, ज्याला ज्याची चिठ्ठी येईल त्यानं त्याच्यासाठी गुपचूप भेट आणायची, आणि नाताळच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्या उघडायच्या. सिक्रेट सँटा म्हणतात. गेली नऊ वर्षं तो डबा माझ्या ताब्यात आहे, कारण जे काम कुणाचंच नाही ते ॲडमिनचं, म्हणजे महानंदा अक्काचं. यंदा आमच्या नव्या एचआरनं, निहारनं, एक यादी काढली. पुण्याचा पोरगा आहे, हुशार आहे, पण नाकानं कांदे सोलतो. यादीचं नाव 'ऑफिसला शोभणाऱ्या भेटी'. अंगाला लागेल असं काही नको, म्हणजे अत्तर, साबण, कपडे बाद. देवाधर्माचं नको. खाण्याचं नको, कुणाला काय चालत नाही सांगता येत नाही. चेष्टेचं नको. पाचशेच्या वर नको. मग उरलं काय? कप, मेणबत्ती, वही, आणि पाणी घालायला विसरलं तरी न मरणारं ते एक झाड. गेल्या वर्षी एका दिवसात अकरा कप वाटले गेले. त्यातले सात अजून पँट्रीच्या कपाटात पालथे पडलेत.

तरी लोक माझ्याकडंच विचारायला येतात. अकाउंट्समधला रोशन तर हात जोडून उभा राहिला, "अक्का, साहेबांची चिठ्ठी आलीय, स्वल्प हेल्प माडी," थोडी मदत करा म्हणून. मला हसू येत होतं. अगं, आपण बायका दर मार्गशीर्षात दुसरं काय करतो? यंदा वाण काय लुटायचं, कुणाकडे आधीच काय झालंय, गेल्या वर्षी कोणती वस्तू माळ्यावर गेली आणि कोणती कामाला आली! तुझी आई, सकवारमावशी, सांगायच्या ना, की वाण असं द्यावं की घेणारीच्या हाताला ते रोज लागावं, आपल्या मोठेपणाची तिला आठवण नसली तरी चालेल. तेच मी रोशनला सांगितलं. त्यानं साहेबांच्या पाठीसाठी खुर्चीला लावायची उशी आणली. साहेब ती आता घरीसुद्धा घेऊन जातात.

आता नयनाचं सांगते. टेस्टिंगच्या टीममध्ये आहे, धारवाडची, चौतीस वर्षांची. दुपारच्या जेवणानंतर आमच्याकडे कॅरम रंगतो, आणि त्यात हिच्यापुढं कुणी टिकत नसे. राणी घेताना ओठ दाताखाली धरायची आणि घेतली की टेबलावर थाप मारायची, सगळ्या मजल्याला ऐकू जायची. एप्रिलमध्ये तिचा नवरा अपघातात गेला. जुलैत ती कामावर परत आली. सगळे तिच्याशी फार चांगले वागले. इतके चांगले, की तिला कुणी कॅरमला बोलावेना. ती पँट्रीत आली की हसणं बंद व्हायचं. कोण तिच्या टेबलावर मनःशांतीचं पुस्तक ठेवायचं, कोण मेणबत्ती. मी हे सगळं बघत होते आणि मलाही ते रीतसरच वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

चिठ्ठ्या लिहायला बसले होते, तर निहार जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काकू, नयनाचं नाव नको टाकायला. सेन्सिटिव्ह आहे, उगाच तिला अवघड होईल." मी मान हलवली. लिहिलेली चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली. एक शब्द विचारला नाही, अहल्या. मला वाटलं, किती समजूतदार आहे पोरगा!

दुसऱ्या दिवशी नयना माझ्या टेबलाशी आली. "अक्का, नन्न चीटी?" माझी चिठ्ठी कुठंय म्हणून विचारत होती. मी तिला खुर्चीवर बसवलं, तिच्या हातावर हात ठेवला आणि सांगायला लागले, की तुला अवघडल्यासारखं होईल म्हणून... हे वाक्य निहारचं नव्हतं. माझं होतं. शब्दाला शब्द माझं होतं. नयनानं इतकंच विचारलं, की मला अवघडतं असं तुम्हाला कुणी सांगितलं, अक्का? भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. तूही भांडली नव्हतीस.

आपण दोघींनी ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून आज मी लिहून काढते. त्या संक्रांतीला तू डोळे दाखवायला माझ्याकडे आली होतीस. तुझ्या यजमानांना, आप्पाजी भावजींना, जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी वाणासाठी पंचवीस गाळण्या आणल्या होत्या, चहाच्या, बारीक जाळीच्या. आदल्या दिवशी त्यांच्या दांड्यांना रंगीत दोरे कुणी बांधले? तू. तिळाचे लाडू कुणी वळले? तू, कारण माझे फुटतात. आणि दुपारी चार वाजता मी तुला म्हणाले, अहल्या, तुला अवघडल्यासारखं होईल गं, ईराला घेऊन जरा बागेत जाऊन ये. तू पदर सारखा केलास, माझ्या नातीचं बोट धरलंस आणि गेलीस. मी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, मिरवले, लाडवांचं कौतुक ऐकून घेतलं. तुम्ही दोघी साडेसहालाच परत आल्या होतात, हे मला ईरानं पुढं कितीतरी महिन्यांनी सांगितलं. दाराबाहेर चपला दिसल्या म्हणून तू जिन्यात बसलीस, आणि चपलांचा शेवटचा जोड जाईपर्यंत तिला आपण लहानपणी तंबाखूच्या वखारीत लपाछपी खेळायचो त्याच्या गोष्टी सांगत राहिलीस. दीड तास.

दुसऱ्या दिवशी चोविसांना देऊन उरलेली एक गाळणी मी वर्तमानपत्रात गुंडाळून तुझ्या पिशवीत कोंबली. घरात लागतेच, म्हणाले. तू निघून गेल्यावर ओट्यावर बघते, तर गाळणी ठेवलेली, आणि शेजारी त्या वर्तमानपत्राची नीट घडी.

तर नयना समोर बसलेली, आणि मला ती घडी दिसत होती. मी पर्समधून चिठ्ठी काढली आणि तडक निहारच्या काचेच्या खोलीत गेले. म्हटलं, ही आत जाणार. तो म्हणाला, काकू, वाटप झालंय, आता सगळं विस्कटेल. म्हटलं, काही विस्कटत नाही. मला जी चिठ्ठी आली ती मी नयनाला देते आणि नयनाची मी घेते, झालं. तो पुन्हा सेन्सिटिव्ह, सेन्सिटिव्ह करायला लागला. तेव्हा मात्र माझा पारा चढला. म्हटलं, अरे बाबा, तिला नाही अवघडत, आपल्याला अवघडतं. तिच्यासमोर हसायचं कसं हे आपल्याला समजत नाही, म्हणून आपण तिलाच खोलीबाहेर काढतो आणि त्याला काळजी म्हणतो. दार उघडं होतं. सगळा मजला माना वर करून बघत होता. निहार लालेलाल झाला. वाईट मुलगा नाही गं तो. मी त्याला बोलत होते, पण त्यातलं निम्मं मी मलाच बोलत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, तशी गत.

मग नयनाला काय द्यायचं? गुपचूप द्यायचं असतं, विचारायचं नसतं, असा नियम आहे. मी तोही मोडला. तिला बाजूला घेऊन सरळ विचारलं, तुला काय हवंय? तिला आठ महिन्यांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ती म्हणाली, मेणबत्ती नको, शांतीचं पुस्तक नको, झाड तर मुळीच नको. ऑफिसातला स्ट्रायकर कडेला फुटलाय, एक चांगला जड स्ट्रायकर हवा. शनिवारी मी गांधी बझारात खेळाच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार विचारायला लागला, मुलासाठी का? म्हटलं, नाही, एका चॅम्पियनसाठी. सात-आठ स्ट्रायकर काचेवर ठेवून, अंगठ्यानं उडवून बघितले. साठीला आलेली बाई दुकानात स्ट्रायकर उडवतेय म्हणून लोक बघत होते. बघू देत.

चोवीस तारखेला सगळ्यांनी भेटी उघडल्या. यंदा कप पाचच निघाले, म्हणजे सुधारणा आहे. मला कुणीतरी वही दिली, हे पत्र त्याच वहीच्या कागदांवर आहे. नयनानं स्ट्रायकर हातात घेतला, तोलून बघितला आणि आधी रडली. मग नाक पुसलं आणि निहारकडे बघितलं. मला आलेली चिठ्ठी त्याचीच होती, ती मी तिला दिली होती. त्याच्या खोक्यात निघाला कॅरमच्या पावडरचा डबा, आणि वर चिठ्ठी: तयारीला लाग. सगळा मजला कॅरमभोवती गोळा झाला. तिनं त्याला पहिल्या बोर्डाला एकही सोंगटी घेऊ दिली नाही. राणी घेतली आणि टेबलावर थाप मारली. आठ महिन्यांनी ती थाप ऐकली मी. तिथं उभ्या उभ्या ठरवून टाकलं, आणि घरी येऊन यांना सांगितलं.

यंदाचं हळदीकुंकू अठरा जानेवारीला, रविवारी. आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांना मी स्वतः दारोदार जाऊन सांगून आले, की जी बाई माझ्या दारात येईल तिला मी कुंकू लावणार, तिचा नवरा असो, नसो, सोडून गेलेला असो किंवा केलेलाच नसो. हे म्हणाले, कुणी येणार नाही. म्हटलं, न येवोत. तिसऱ्या मजल्यावरच्या शिवलीलाबाईंनी तोंडावर सांगितलं, की आमच्यात हे चालत नाही. म्हटलं, सरी, ठीक आहे, तुमचे लाडू वर पाठवते. नणंदेनं हुबळीहून फोन करून तासभर समजावलं, की माझ्यावर सवाष्णपणाची काही जबाबदारी आहे. तिला म्हटलं, ताई, ती जबाबदारी सांभाळता सांभाळता मी माझी मैत्रीण जिन्यात बसवली. तिनं फोन ठेवला. नयना येणार आहे. तिची सासूही येईन म्हणालीय.

वाण काय लुटायचं हे मी ठरवलेलं नाही. ते तू ठरवायचं, आणि आपण दोघींनी बाजारात जाऊन आणायचं. ती पंचविसावी गाळणी मात्र तुला देणार नाही. तीन वर्षं मी रोज सकाळी तिनंच चहा गाळते, जाळी एका बाजूला सुटलीय, तरी टाकत नाही. ती माझ्याच डोळ्यासमोर राहायला हवी. सोबत सोळा तारखेचं बेळगावहून निघणाऱ्या गाडीचं तिकीट ठेवलंय, खालचा बर्थ आहे. सतरा तारखेला सकाळी मी यशवंतपूरच्या फलाटावर उभी असेन. माफी पत्रात मागत नाही, ती तोंडावर मागायची असते. तू उतरलीस तर पत्र वाचलंस असं समजेन. नाही उतरलीस तर पुढच्या संक्रांतीला पुन्हा तिकीट पाठवेन, पुन्हा येऊन उभी राहीन, बघू कोण आधी दमतं. आणि आलीस, की अठरा तारखेला दाराबाहेर चपलांच्या रांगेत पहिला जोड तुझा असेल, आणि सगळ्या बायका निघून गेल्यावरही तो तिथंच राहील.

तू नाही म्हटलंस तरी तुझीच,
महानंदा